जुन्या आज्ञालेखांचे यांत्रिक रूपांतर : एक ऐतिहासिक विचार

१

शंभर वर्षांपूर्वीचे मराठी गद्य आजचा वाचक थोडे अडखळत का होईना, पण वाचतो. शब्दांची रूपे बदलली, शुद्धलेखनाचे नियम बदलले, अनुस्वार गेले. तरी अर्थाचा माग त्यास लागतो. कारण वाचक हा लेखकाच्या शब्दांबरोबर त्याचा हेतूही वाचीत असतो. संगणक हा असा वाचक नव्हे. त्याच्यापुढे ठेविलेल्या लेखात एखादे चिन्ह त्याच्या प्रचलित व्याकरणाबाहेरचे निघाले, की तो लेख त्याच्या दृष्टीने लेखच राहत नाही. आणि याहून गंभीर गोष्ट अशी की, चिन्ह ओळखीचे असून त्याचा अर्थ मधल्या काळात बदलला असेल, तर यंत्र कोणतीही तक्रार न करिता नवा अर्थ घेऊन पुढे चालू लागते.

संगणकाला एकामागून एक द्यावयाच्या आज्ञा फाइलीत लिहून ठेवण्याची प्रथा जुनी आहे. अशा फाइलीस इंग्रजीत स्क्रिप्ट म्हणतात. प्रस्तुत लेखात तिला ‘आज्ञालेख’ म्हटले आहे. हे लेख बहुधा लहान, घाईत लिहिलेले आणि लिहिणाऱ्याच्या कल्पनेपेक्षा कितीतरी अधिक काळ वापरात राहिलेले असतात. त्यांची भाषा बदलली म्हणजे प्रश्न उद्भवतो : हे जुने लेख नव्या वाक्यरचनेत कोणी उतरवावयाचे? मनुष्याने, की यंत्रानेच? या प्रश्नाला गेल्या साठ वर्षांत जी उत्तरे दिली गेली, त्यांचा क्रमवार परामर्श घेणे हा या लेखाचा हेतू आहे. रूपांतराच्या साधनांचा इतिहास हा केवळ तंत्राचा इतिहास नाही. लेखातील अर्थ नेमका कोठे वसतो, अक्षरांत, वाचणाऱ्या यंत्रात की लिहिणाऱ्याच्या मनात, याविषयीच्या समजुतींचाही तो इतिहास आहे.

२

यांत्रिक रूपांतराची कल्पना आज्ञालेखांच्या आधी मोठ्या आज्ञावल्यांच्या संदर्भात पुढे आली. आय.बी.एम. कंपनीची फोरट्रान भाषा इ. स. १९५७ मध्ये प्रचारात आली. १९५८ मध्ये तिची दुसरी आणि १९६२ मध्ये चौथी आवृत्ती निघाली. या दोन आवृत्त्या एकमेकींशी पूर्णतः सुसंगत नव्हत्या. दुसऱ्या आवृत्तीत गणिती फलनांच्या नावांच्या शेवटी ‘एफ’ हे अक्षर जोडावे लागे. चौथीत ते गळाले. हा बदल वरवरचा होता. परंतु स्मृतीतील एकच जागा अनेक नावांनी वापरण्यासंबंधीचे नियमही बदलले होते, आणि तो बदल वरवरचा नव्हता. संगणक वापरणाऱ्या संस्थांच्या ‘शेअर’ या संघाच्या वतीने अशा आज्ञावल्या दुसऱ्या आवृत्तीतून चौथीत नेणारा ‘सिफ्ट’ नावाचा रूपांतरक तयार करण्यात आला. जुन्या संगणकभाषेचे नव्या संगणकभाषेत रूपांतर यंत्राकडून करविण्याचा हा एक आरंभीचा संघटित प्रयत्न होय.

याच सुमारास हनीवेल कंपनीने १९६३ मध्ये आपले ‘२००’ हे यंत्र जाहीर केले. त्याबरोबर प्रतिस्पर्धी आय.बी.एम.च्या १४०१ यंत्रावरील आज्ञावल्या आपल्या यंत्रावर आणण्याचे साधन तिने देऊ केले. त्याचे नाव होते ‘लिबरेटर’, म्हणजे मुक्तिदाता. नाव अर्थातच व्यापारी होते, पण त्यामागील निदान अचूक होते. ग्राहक यंत्राने बांधला जातो त्याहून अधिक तो स्वतः लिहून ठेविलेल्या आज्ञांनी बांधला जातो. आय.बी.एम.ने १९६४ मध्ये ‘३६०’ ही यंत्रमालिका आणिली, तेव्हा तिने निराळा मार्ग धरिला. मालिकेतील काही यंत्रे जुन्या १४०१ ची हुबेहूब बतावणी करू शकत. म्हणजे लेख न बदलता वाचकालाच जुनी भाषा शिकविण्यात आली. लेख बदलावा की वाचकास जुने व्याकरण पढवावे, हे द्वंद्व येथपासून पुढे सतत दिसते.

३

आज्ञालेखांचा इतिहास खऱ्या अर्थाने युनिक्स या प्रणालीपासून सुरू होतो. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत १९६९ पासून तिची उभारणी झाली. वापरणाऱ्याच्या आज्ञा वाचून त्या अमलात आणणाऱ्या भागास तेथे ‘शेल’ असे नाव होते. केन टॉम्सन यांनी लिहिलेला पहिला शेल अत्यंत साधा होता. त्यात ‘जर-तर’ ही रचना शेलची स्वतःची नव्हती, आणि लेखात मागेपुढे उडी घेण्याची ‘गोटू’ ही आज्ञाही शेलची नव्हती. त्या दोन्ही स्वतंत्र आज्ञावल्या होत्या.

‘गोटू’चे कार्य कसे चाले हे मुद्दाम पाहण्याजोगे आहे. शेल आज्ञालेख वाचीत असे तो आपल्या प्रमाण आदानमार्गाने. ‘गोटू’ ही त्याची अपत्य-प्रक्रिया असल्यामुळे तीही तीच उघडी फाइल वाचू शके, आणि फाइलीत वाचन कोठवर आले याची खूण दोघांची सामाईक असे. ‘गोटू’ फाइलीच्या आरंभी जाई, दोन टिंबांच्या चिन्हाने सुरू होणारी आणि हवे ते नाव असलेली ओळ शोधी, वाचनाची खूण तेथे ठेवी आणि संपून जाई. शेल पुन्हा वाचू लागे तो तेथून. शेलच्या नकळत त्याच्या हातातील पोथीचे पान कोणी उलटून ठेवावे, तसा हा प्रकार होता.

आता अशा लेखाचे नव्या वाक्यरचनेत रूपांतर करावयाचे झाल्यास काय करावे? स्टीफन बोर्न यांचा शेल १९७९ मध्ये युनिक्सच्या सातव्या आवृत्तीबरोबर आला. त्यात ‘जर’, ‘जोपर्यंत’, ‘प्रत्येकासाठी’ अशा सुबद्ध रचना शेलच्या अंगभूत झाल्या. बोर्न यांनी पूर्वी केंब्रिज येथे आल्गोल ६८ या भाषेवर काम केले होते. म्हणून ‘इफ’ने उघडलेली रचना उलट्या अक्षरांच्या ‘फी’ने मिटते आणि ‘केस’ची ‘एसॅक’ने. ‘डू’ची मात्र ‘ओडी’ने मिटू शकली नाही, कारण त्या नावाची एक आज्ञा युनिक्समध्ये आधीच नांदत होती, म्हणून ‘डन’ हा शब्द घ्यावा लागला. नवे व्याकरण रचताना जुन्या शब्दसंग्रहाशी कशी तडजोड करावी लागते, याचे हे बोलके उदाहरण आहे.

उड्यांनी भरलेला कोणताही लेख केवळ क्रम, विकल्प आणि पुनरावृत्ती या तीन रचनांत बसविता येतो, हे बोम आणि याकोपिनी यांनी १९६६ मध्ये सिद्ध केले होते. तत्त्वतः मार्ग मोकळा होता. पण अशा यांत्रिक रूपांतरातून निघणारा लेख मूळ लेखाइतकेच काम करील, तरी मूळ लेखाइतका वाचनीय राहील याची हमी त्या सिद्धांतात नाही.

बोर्न यांनी जुन्याशी नाते राखले ते दुसऱ्या रीतीने. एका आज्ञेचे फलित दुसरीकडे पोहोचविण्यासाठी पूर्वीच्या शेलमध्ये उभ्या रेघेप्रमाणेच काकपदासारखे एक टोकदार चिन्हही चाले. ते नव्या शेलनेही मुकाट्याने स्वीकारले. दोन टिंबांचे चिन्ह तर आजही टिकून आहे. पूर्वी ते ‘गोटू’च्या मुक्कामाची खूण होते, ‘गोटू’ गेल्यावर ते ‘काहीही करू नये’ अशा अर्थाची आज्ञा म्हणून उरले आणि १९९२ च्या पॉझिक्स प्रमाणभाषेतही समाविष्ट झाले. घाट बुजून गेल्यावरही गावाच्या नावात ‘घाट’ राहावा, तसे हे चिन्ह आहे. भाषेच्या इतिहासकारास असे अवशेष मोलाचे वाटतात. रूपांतरकास ते अडचणीचे वाटतात.

४

या विषयातील सर्वांत उद्बोधक प्रकरण म्हणजे ऑक भाषेतून पर्ल भाषेत होणारे रूपांतर. ऑक ही एहो, वाइनबर्गर आणि कर्निगन या तिघांनी १९७७ मध्ये बेल प्रयोगशाळेत घडविलेली लहानशी भाषा. ओळी वाचाव्या, त्यांची पदे पाडावी, हवी ती निवडून मांडावी, एवढ्यासाठी ती होती, आणि असंख्य आज्ञालेखांत ती मुरली होती. लॅरी वॉल यांनी १९८७ च्या डिसेंबरात पर्ल प्रसिद्ध केली, तेव्हा त्यांनी एक धोरणी गोष्ट केली. नव्या भाषेच्या सोबत त्यांनी दोन रूपांतरकही दिले. ऑकचे लेख पर्लमध्ये नेणारा ‘ए-टू-पी’ आणि सेड या दुसऱ्या जुन्या साधनाचे लेख नेणारा ‘एस-टू-पी’ हे ते होत. नव्या भाषेकडे येणाऱ्याने आपले जुने सामान मागे टाकून यावे, अशी अट त्यांनी घातली नाही.

ए-टू-पीपुढील अडचण अशी होती. ऑकमध्ये दोन मूल्ये समान आहेत काय हे पाहण्यास एकच चिन्ह आहे. मूल्ये संख्या म्हणून ताडावयाची की अक्षरमालिका म्हणून, हे आज्ञा प्रत्यक्ष चालू असताना मूल्यांकडे पाहून ठरते. पर्लमध्ये मात्र संख्यांसाठी एक चिन्ह आणि अक्षरमालिकांसाठी दुसरा शब्द आहे; निवड लिहिणाऱ्याने आधीच करावयाची असते. ‘१०’ आणि ‘१०.०’ ही संख्या म्हणून समान, पण अक्षरमालिका म्हणून भिन्न आहेत. तेव्हा रूपांतरकाने मूळ लेखातील एका चिन्हासाठी दोहोंतील कोणते घ्यावे? मूळ लेखात हे उत्तर नसते. ते लेखकाच्या मनात असते, किंवा ज्या सामग्रीवर लेख चालावयाचा तिच्यात असते.

मोडी कागद बाळबोधीत उतरविणाऱ्या अभ्यासकांना हा अनुभव चांगला परिचित आहे. मोडीत इकार-उकारांचा ऱ्हस्वदीर्घ भेद सामान्यतः पाळलेला नसतो; बाळबोधीत तो केलाच पाहिजे. लिपी ज्याविषयी मौन पाळते, त्याविषयी लिप्यंतरकारास बोलणे भाग पडते, आणि त्याचा आधार असतो तो अक्षराचा नव्हे, तर संदर्भाचा.

वॉल यांच्या साधनाने येथे स्वीकारलेला मार्ग प्रामाणिकपणाचा होता. जेथे अंदाज करावा लागे तेथे साधन अंदाज करी, आणि त्या ओळीपुढे तीन प्रश्नचिन्हांची टीप टाकी. अशा जागा मनुष्याने पुन्हा तपासाव्या असे त्याच्या माहितीपत्रात सांगितले होते. रूपांतरकाने आपल्या अज्ञानाच्या जागा स्वतःच दाखवून द्याव्या, हा पाठभेदांची नोंद करणाऱ्या चिकित्सक संपादकाचा धर्म होय.

या प्रकरणाचा उत्तरार्धही तितकाच बोधप्रद आहे. ऑकमध्ये पदांची मोजणी एकापासून होते, तर पर्लमध्ये सारणीची मोजणी शून्यापासून. हा फरक मिटविण्यासाठी ए-टू-पी रूपांतरित लेखाच्या आरंभी एक ओळ घालून पर्लची मोजणीच एकापासून सुरू करीत असे. ही सवलत पर्लने पुढे त्याज्य ठरविली, आणि २०१९ च्या ५.३० या आवृत्तीपासून शून्याखेरीज अन्य आरंभ देणे ही चूक मानली जाऊ लागली. म्हणजे जुन्या भाषेतून नव्या भाषेत सुखरूप आणलेले लेख त्या नव्या भाषेतच जुने झाले. दरम्यान २०१५ मध्ये ५.२२ या आवृत्तीपासून ए-टू-पी आणि त्याची भावंडे पर्लच्या मूळ संचातून काढून निराळी ठेवण्यात आली होती. ज्या ऑकपासून लेख सोडवावयाचे होते, ती भाषा मात्र आजही जवळजवळ प्रत्येक युनिक्स-परंपरेच्या यंत्रावर नांदत आहे. न बदललेला ऑक-लेख आज चालावा आणि ‘अद्ययावत’ केलेला बंद पडावा, असा हा योग आहे.

५

यांत्रिक रूपांतराचा सर्वांत व्यापक प्रयोग पायथन भाषेच्या बाबतीत झाला. खिडो फान रॉसम यांनी १९८९ च्या अखेरीस ॲम्स्टरडॅम येथे आरंभिलेली ही भाषा लहानमोठ्या आज्ञालेखांसाठी जगभर रूढ झाली. तिच्यातील काही जुन्या चुका सुधारण्यासाठी पूर्वीशी सुसंगती सोडून तिसरी आवृत्ती काढण्यात आली. ती ३ डिसेंबर २००८ रोजी प्रसिद्ध झाली. तिच्याबरोबर, आणि त्याच वर्षीच्या २.६ या आवृत्तीबरोबरही, ‘टू-टू-थ्री’ नावाचा रूपांतरक देण्यात आला.

तंत्रदृष्ट्या हे साधन त्याच्या पूर्वजांहून बरेच प्रगत होते. ते ओळींवर नव्हे, तर लेखाच्या संपूर्ण वाक्यवृक्षावर काम करी, आणि त्या वृक्षात टीपा व मोकळ्या जागाही जतन केलेल्या असत. म्हणून न बदललेला भाग जसाच्या तसा राही. ‘प्रिंट’ ही आज्ञा नव्या आवृत्तीत फलन झाली होती. तिच्याभोवती कंस घालणे, असमानतेचे जुने चिन्ह बदलणे, अपवाद पकडण्याच्या रचनेतील स्वल्पविरामाऐवजी ‘ॲज’ हा शब्द योजणे, ही कामे ते बिनचूक करी.

तथापि पुढील दोन गोष्टी त्याच्या आवाक्याबाहेर होत्या. पहिली भागाकाराची. दुसऱ्या आवृत्तीत सातास दोनाने भागिले असता उत्तर तीन येई, कारण पूर्णांकांचा भागाकार पूर्णांकच असे. तिसरीत ते साडेतीन येते. चिन्ह तेच, वाक्यरचना तीच, अर्थ मात्र निराळा. एखाद्या ओळीतील दोन नावांमागे पूर्णांक आहेत की अपूर्णांक, हे लेख वाचून सर्वत्र कळत नाही; म्हणून टू-टू-थ्री भागाकाराला हातच लावीत नसे. परिणामी रूपांतरित लेख चाले, पण उत्तर बदललेले असू शके. संशोधनासाठी संगणन करणाऱ्या विद्यार्थ्यांनी हे विशेष ध्यानात घेतले पाहिजे. जुन्या प्रबंधातील सरासरी नव्याने काढिली आणि ती निराळी आली, तर दोष सामग्रीत, मूळ लेखात की रूपांतरात, हे ठरविण्यास जुना लेख जपून ठेविलेला असावा लागतो.

दुसरी गोष्ट अक्षरांची, आणि ती आपल्या लिपीशी थेट संबंधित आहे. दुसऱ्या आवृत्तीतील साधी अक्षरमालिका वस्तुतः बाइटांची मालिका होती. यूटीएफ-८ या संकेतनात लिहिलेल्या ‘मराठी’ या शब्दाची लांबी ती १५ सांगे, कारण देवनागरीच्या प्रत्येक चिन्हास त्या संकेतनात तीन बाइट लागतात. तिसऱ्या आवृत्तीत हीच लांबी ५ येते : तीन व्यंजने, एक काना आणि एक वेलांटी. वाचक मात्र तीनच अक्षरे मोजतो. रोमन लिपीत लिहिणाऱ्यास हा भेद बहुधा जाणवत नसे, कारण तेथे बाइट व अक्षर यांची संख्या सहसा एकच येई. देवनागरी लिहिणाऱ्यास तो पहिल्या दिवसापासून जाचत असे. बाइट आणि अक्षर यांची फारकत हे तिसऱ्या आवृत्तीचे एक प्रमुख कार्य होते. पण जुन्या लेखातील कोणती मालिका मनुष्याने वाचावयाचा मजकूर आहे आणि कोणती निव्वळ बाइटांची रास आहे, हे मूळ लेखात सांगितलेलेच नव्हते. येथेही भाषा मौन होती आणि रूपांतरकास बोलणे भाग होते.

भाषेच्या कर्त्यांची मूळ कल्पना अशी होती की, लेखकांनी आपला लेख दुसऱ्या आवृत्तीतच राखावा आणि तिसरीतील प्रत प्रत्येक वेळी यंत्राकडून काढून घ्यावी. व्यवहारात ही कल्पना फारशी टिकली नाही. अनेक लेखकांनी दोन्ही आवृत्त्यांत चालेल अशा मधल्या बोलीत एकच लेख लिहिण्याचा मार्ग पत्करिला. त्यांची सोय व्हावी म्हणून २०१२ च्या ३.३ या आवृत्तीत, पूर्वी काढून टाकलेले युनिकोड मालिकेचे जुने चिन्ह पुन्हा ग्राह्य धरण्यात आले. दुसऱ्या आवृत्तीची मुदत आधी २०१५ पर्यंत होती. २०१४ मध्ये ती २०२० पर्यंत वाढविण्यात आली, आणि २.७.१८ ही अखेरची आवृत्ती एप्रिल २०२० मध्ये निघाली. टू-टू-थ्री हे साधनही ऑक्टोबर २०२४ च्या ३.१३ या आवृत्तीतून वगळण्यात आले. दोन आवृत्त्यांच्या या संक्रमणास एक तपाहून अधिक काळ लागला.

६

शेलच्या बाबतीत मात्र कालांतराने निराळीच परंपरा रूढ झाली. उबुंटू या लिनक्स वितरणाने ऑक्टोबर २००६ मध्ये, आणि डेबियनने फेब्रुवारी २०११ मध्ये, आज्ञालेख चालविणारा प्रमाण शेल म्हणून बॅशऐवजी डॅश हा लहान व वेगवान शेल योजिला. बॅशच्या खास लकबी वापरणारे लेख त्यामुळे अडू लागले. त्यांच्यासाठी वापरण्यात आलेले ‘चेकबॅशिझम्स’ हे साधन लेखात फेरफार करीत नाही. शंकास्पद ओळी दाखवून थांबते.

हा संयम सकारण आहे. उदाहरणार्थ, एका आज्ञेचे फलित दुसरीत भरण्यासाठी पूर्वी उलट्या अवतरणचिन्हांची जोडी वापरीत. कॉर्न शेलने आणिलेली आणि पॉझिक्सने प्रमाण मानलेली नवी रीत डॉलरचिन्ह व कंस यांची आहे. चिन्हे बदलणे सोपे दिसते. पण जुन्या रीतीत आतील तिरक्या रेघांचा एक थर वाचतानाच गळून पडतो, नव्या रीतीत तो गळत नाही. शिवाय शेलचा लेख चालू असतानाच नवा मजकूर रचून तो आज्ञा म्हणून चालवू शकतो. जो मजकूर अद्याप लिहिलाच गेला नाही, त्याचे रूपांतर कोणते यंत्र करील?

७

वरील इतिहासावरून काही निष्कर्ष काढता येतात. जेथे बदल रूपापुरता होता, तेथे यंत्राने मनुष्याहून अधिक काटेकोर काम केले. जेथे रूप तेच राहून अर्थ बदलला, किंवा जुनी भाषा ज्याविषयी मौन होती ते नव्या भाषेने विचारले, तेथे प्रत्येक रूपांतरकाची एकच मर्यादा उघड झाली. मूळ लेखात नसलेली माहिती तो निर्माण करू शकला नाही. फार तर अंदाज करू शकला. आजची यंत्रे हे अंदाज पूर्वीहून पुष्कळ चतुराईने करितात. पण अंदाज चतुर झाला म्हणून तो ज्ञान होत नाही, आणि निःशंक भाषेत मांडलेला चतुर अंदाज तपासणे उलट अधिक कठीण होते. म्हणूनच साधनाची परीक्षा करिताना ते किती ओळी बदलते याहून, आपल्या शंकेच्या जागा ते दाखविते की नाही, ही कसोटी अधिक महत्त्वाची मानली पाहिजे. या कसोटीवर १९८७ चे ते तीन प्रश्नचिन्हे टाकणारे साधन अद्यापही उंच ठरते.

इतिहासाच्या अभ्यासकास यातून आणखी एक कर्तव्य प्राप्त होते. रूपांतरित प्रत ही उपयोगाची प्रत असते. मूळ साधन ती नव्हे. कार्यालये, ग्रंथालये आणि प्रयोगशाळा यांतून जुने आज्ञालेख आज यंत्राच्या एका फटकाऱ्यासरशी नव्या रूपात आणिले जात आहेत, आणि जुनी प्रत ठेवण्याचे कारण कोणास दिसत नाही. पण मूळ लेख, तो वाचणाऱ्या भाषेची आवृत्ती आणि त्याने पूर्वी दिलेली उत्तरे ही तिन्ही एकत्र राखिली, तरच रूपांतर खरे की खोटे हे पुढील पिढीस ठरविता येईल. बाळबोध प्रत छापून झाल्यावर मोडी कागद कोणी जाळीत नाही. आज्ञालेखांच्या बाबतीतही तोच नियम पाळला जावा.